टिंडल

आमच्या वंशावळीत पणजोबांच्या शेजारी एक रेघ निघते,
तिच्या टोकाला धाकू. पुढे बारीक अक्षरात
'बोटीवर गेला'.
मग रेघ संपते. कागद संपत नाही,
तो पुढे बोटभर कोराच आहे.

मी न्यूकॅसलला औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते,
सुट्टीच्या दिवशी मेलेली माणसं.
दोन वर्षं मी तांडेल शोधत होते
आणि कारकुनाने केव्हाच त्याचा टिंडल केला होता.
जॅक टिंडल, कोळसा ओढणारा, जन्मगाव हार्नी.
टिंडल तर इथल्याच मातीतले,
चर्चमागे दगडांखाली रांगेने झोपलेत.
त्यांच्यात आमचा एक
ताकात पाणी मिसळावं तसा मिसळून गेला.

साउथ शील्ड्सला चढावरचं घर. दार उघडलं डोरीनने,
जॅकची धाकटी, वय शहाऐंशी.
माझ्या आजोबांचं नाक तिच्या चेहऱ्यावर बसलेलं पाहून
माझ्या हातातला केक कलंडला.

आमचं नातं तिने आधीच शोधून ठेवलेलं:
फर्स्ट कझिन, ट्वाइस रिमूव्हड.
म्हटलं, आमच्यात असं दोनदा काढून टाकत नाहीत,
तुम्ही माझी चुलत आजी.
"चूलट," ती म्हणाली. मग जीभ दाताला लावून पुन्हा.
चहा तिचा इतका कडक
की आमच्या मच्छीबाजारात खपला असता.

हार्नी त्यांनी आयर्लंडात शोधलं होतं. दोनदा जाऊन आले.
हर्णै म्हटल्यावर ती नुसती बघत राहिली,
मग दुसरंच बोलली:
"रस्ता ओलांडताना डॅड आमचं मनगट आवळून म्हणायचा, सांबाल.
कुठलासा संत असेल, वाटसरूंचा.
मी नातवंडांनाही तेच म्हणते.
कोण होता हा सांबाल?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला.
संत नाही, म्हटलं. क्रियापद आहे.

त्याने पत्र का टाकलं नाही, तिलाही ठाऊक नाही.
बिस्किटांच्या डब्यात युनियनचं कार्ड, मोजपट्टी,
कुणाचा तरी दुधाचा दात.
पत्र नव्हतं, अर्धं लिहिलेलंही.

मग मी टेबलावर वंशावळ पसरली. तिने चष्मा पुसला,
बोट रेघेवरून उलटं चालवत नेलं,
धाकूवरून वर, हिरू तांडेलपर्यंत,
आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीवर थांबली.
"ही माझी ग्रॅन ना? नाव काय हिचं?"

गोदीचे हजेरीपट, दफनभूमीच्या वह्या,
सर्दीने ओल्या झालेल्या रजिस्टरांतले हजारभर खलाशी
मी चाळले होते.
हा प्रश्न मला पडला नव्हता.
सात पिढ्यांचे पुरुष खुंट्यांसारखे ओळीत,
आणि प्रत्येकाच्या डावीकडे एक कोरा डाग.

हर्णैला फोन लावला. तिथे रात्र झालेली.
चांगुणाआत्याने टीव्हीचा आवाज कमी केला, खोकली,
कुणाला तरी आत हाक मारून विचारलं, परत आली.
"नांव? बाय माझे, नांव कोन घेतंय?
तिला सगली धाकूची आयच म्हनायची.
मरंपरयंत."

थोरला घरात होता, रोज दर्यावर जात होता, येत होता,
पोराबाळांचा झाला होता.
तरी तिला चिकटलं ते
न आलेल्याचं नाव.
म्हणजे पाणी भरताना, मासळी निवडताना, भांडताना
गाव दिवसातून दहादा त्याला हाक मारत होतं
आणि ओ ती देत होती.

हे इंग्रजीत कसंबसं सांगितलं.
डोरीन काही बोलली नाही. मांजराला मांडीवरून उतरवलं,
पेन्सिलीला टोक केलं
आणि चौकटीत शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं,
जॅक्स मॅम.

बघितलं. जॅक खोडलं.
डी काढला, आणि पेन्सिल थांबली.
"ह्याच्यापुढे एच येतो का गं?"